दाराबाहेरच्या चपला

समतोलनं हर्षदा नेहेतेला विश्वासार्हतेचे अडतीस गुण दिले आणि भिरूड साहेबांना त्र्याण्णव, तेव्हा तिला आधी वाटलं की यंत्र बिघडलंय. शाळेत गणितातसुद्धा तिला इतके कमी कधी पडले नव्हते, आणि इथं तर ती खरं बोलली होती!

"फेरसुनावणीचा हक्क आपण वापरू इच्छिता का?" समतोलनं विचारलं. आवाज मोठा गोड होता, बाईचा की पुरुषाचा ते कळू नये असा.

"इच्छिते. शंभर वेळा इच्छिते."

"ती एकदाच मिळते."

"मग एकदा," हर्षदा म्हणाली आणि पदरानं कपाळ पुसत बाहेर आली.

बाहेरच्या बाकावर भिरूड साहेब बसले होते. कंपनीच्या वतीनं समतोलसमोर बसायचं काम गेली काही वर्षं त्यांच्याकडेच होतं. त्याआधी ते चेंबरचे सुपरवायझर होते, आणि हर्षदा कामाला लागली तेव्हा तिला हाताला धरून काम शिकवलं ते त्यांनीच. आता डोक्यावर चांदी आली होती, निवृत्ती दारात होती.

"पाणी पी, पोरी," त्यांनी बाटली पुढं केली. "पहिल्या वेळी सगळ्यांचं असंच होतं. माझेसुद्धा पहिल्यांदा एकेचाळीस आले होते. कंपनी म्हणाली, सवय होईल. झाली."

"साहेब, चपला होत्या हो दाराबाहेर."

भिरूड साहेबांनी मान खाली घातली. "चपलांची नोंद नसते," ते म्हणाले आणि उठून गेले.

हा सगळा तंटा केळ्यांपायी उभा राहिला होता. सावद्याच्या अलीकडं, महामार्गाला लागून, कंपनीचे केळी पिकवायचे चेंबर होते. एकेक चेंबर लग्नाच्या हॉलएवढं. क्रेट उचलायला यंत्रं होती, तापमान सांभाळायला यंत्रं होती. पण फणी हातात घेऊन कुठलं केळं काळं पडतंय ते हेरायला अजून बायकाच लागत.

आता केळं झाडावरून उतरवलं म्हणजे ते मेलं असं नसतं. ते श्वास घेतच असतं. आपल्यासारखाच प्राणवायू ओढतं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. पिकायला लागलं की हा श्वास कितीतरी पटींनी वाढतो. बंद चेंबरमध्ये ट्रकच्या ट्रक केळी एकदम धापा टाकायला लागली की माणसाच्या वाट्याची हवा बघता बघता संपते. त्याला वास नाही, धूर नाही. माणसाला जरा गरगरतं, म्हणून तो टेकतो, आणि मग उठत नाही. म्हणून दारावर एक पाटी असायची. बायकांच्या मनगटावरच्या पट्ट्या मोजून आत किती जणी आहेत तो आकडा ती दाखवायची. आकडा शून्य झाल्याशिवाय दार बंद व्हायचं नाही आणि पिकवायचं चक्र सुरू व्हायचं नाही.

पण पाटीच्या आधीपासूनचा एक रिवाज होता. चेंबरमध्ये पांढरे गमबूट घालून जायचं, तेव्हा आपापल्या चपला दाराबाहेर डाव्या अंगाला काढायच्या. नवी बाई आली की पहिल्याच दिवशी तिला सांगत: पाटी नंतर वाच, आधी खाली बघ. बाहेर चपला, तर आत माणूस. हर्षदाला हे ज्यांनी सांगितलं होतं, त्यांचं नाव भिरूड साहेब.

त्या दिवशी चार नंबरच्या चेंबरबाहेर मंदाकिनी तायडेच्या चपला होत्या. निळे पट्टे, आणि एका अंगठ्याला तांब्याची तार बांधलेली. पाटीवर शून्य. दार बंद, आत चक्र सुरू. हर्षदानं एकदा चपलांकडं पाहिलं, एकदा पाटीकडं, आणि आणीबाणीचा लाल दांडा सगळा जीव लावून खाली ओढला. चेंबरभर माल वाया गेला. आणि क्रेटच्या रांगेमागं मंदाताई सापडली, ओठ निळे पडलेली.

नव्या सुपरवायझरनं तिला आत पाठवलं होतं. "दोन मिनिटांचं काम आहे, पट्टी टेबलावर ठेवून जा," असं म्हणून. पट्टी लावून गेलं तर चक्र लांबतं, चक्र लांबलं की वरून बोलणी बसतात. सगळ्याच बायका पट्टी काढून जायच्या, आणि परत आल्या की नाही ते पाहायला कुणाला सवड नसायची. सुपरवायझरनं अर्थातच कानांवर हात ठेवले. कंपनी म्हणाली, नोंदीत शून्य म्हणजे आत कुणी नव्हतं. हर्षदानं उगाच दार उघडलं, मग मंदाताई उघड्या दारातून आत शिरली आणि पडली. झालं! हर्षदा घरी बसली. मंदाताई जगली, पण हवा न मिळाल्यानं तिच्या मेंदूला दुखापत झाली. आता ती वाटीला चमचा म्हणायची आणि चुकलं हे तिलाच कळून रडायची. अशा अडखळणाऱ्या बाईची साक्ष समतोल घेतच नसे.

हर्षदाला एकच गोष्ट हवी होती. दार बंद झालं तेव्हा आत बाई होती, एवढं कुणीतरी लिहावं. नोकरी परत मिळाली तर उत्तमच, पण हे लिहिलं गेलं नाही तर उद्याही पट्ट्या टेबलावरच पडणार होत्या आणि बायका आत जाणार होत्या. 

"मग कोर्टात जा ना सरळ," तिचा नवरा प्रमोद म्हणाला. भोळा माणूस.

"कलम सतरा," हर्षदा म्हणाली.

नोकरीच्या करारातलं हे कलम तिनं सही करताना वाचलं नव्हतं. तुम्ही तरी वाचलं असतं का? नोकरीत काहीही वाद झाला तरी तो फक्त लवादापुढं, म्हणजे समतोलपुढं न्यायचा. न्यायालयात जायचं नाही. सुनावणीच्या खोलीत वकील आणायचा नाही. आत काय झालं ते बाहेर बोलायचं नाही, आणि एका प्रकरणातली गोष्ट दुसऱ्यात काढायची नाही. सही केली नाही तर नोकरी नाही. त्या पट्ट्यातल्या सगळ्याच कारखान्यांत हेच कलम होतं, त्यामुळं नाही म्हणून जायचं तरी कुठं?

हर्षदा शबाना तडवीकडं गेली. शबाना कामगारांची वकील. तिचं ऑफिस पिठाच्या गिरणीच्या वर होतं. गिरणी सुरू झाली की टेबलावरचा चहासुद्धा थरथरायचा.

"वकीलताई, ते यंत्र माझं खरं का मानत नाही?"

"ते खरं-खोटं मोजतच नाही," शबाना म्हणाली. "हृदयाच्या दर ठोक्याला आपल्या चेहऱ्याच्या कातडीखाली रक्त येतं. रंग इतका बारीक बदलतो की डोळ्याला दिसत नाही, पण कॅमेऱ्याला दिसतो. आवाजातली थरथरही तशीच. अंगाला काही न लावता ते तुमची नाडी मोजतं आणि त्यावरून ठरवतं, हा माणूस स्वस्थ आहे की घाबरलाय. घाबरलेला तो खोटा. बनवणाऱ्यांना वाटलं, माणूस लाच खातो, नात्यागोत्याचं बघतो. नाडी कुणाचं बघत नाही."

"मी घाबरले नव्हते. मला मंदाताई दिसत होती."

"नाडीला त्यातला फरक कळत नाही." शबाना थांबली. "तुम्हाला खालची गिरणी ऐकू येतेय?"

"येतेय म्हणजे? डोकं उठलंय."

"मला येत नाही. पहिल्या आठवड्यात मी रडकुंडीला आले होते. शरीर असंच असतं. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा झाली की ते दचकायचं सोडून देतं. भिरूड त्या खुर्चीत किती वेळा बसलेत? आणि तुम्ही?"

हर्षदानं मनात हिशेब केला. म्हणजे सचोटी वगैरे काही नाही! रोज बसणाऱ्याला त्र्याण्णव, आणि जन्मात एकदा बसणाऱ्याला अडतीस. कामगार पहिल्यांदाच बसायचा, आणि गुप्ततेपायी दुसऱ्याला सांगूही शकायचा नाही की आत कसं वाटतं.

"मग मीही सराव करते," ती म्हणाली.

शबानानं फोनचा कॅमेरा तिच्या तोंडापुढं लावला. नाडी दाखवणारं साधं ॲप होतं, व्यायाम करणारे वापरतात तसलं. हर्षदानं बोलायला सुरुवात केली. चपला होत्या, दांडा ओढला, आत मंदाताई होती. आकडा उसळला. पुन्हा बोलली, पुन्हा उसळला. दुपारभर झालं, दुसऱ्या दिवशी झालं. मंदाताईच्या ओठांपाशी आलं की छाती धडधडायचीच. त्या निळ्या ओठांची सवय व्हायला तिचं शरीर तयार नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिलाही ती सवय नको होती.

शेवटी चिडून ती म्हणाली, "जाऊ द्या. मी काल हत्तीवर बसून बाजारात गेले होते."

फोनवरचा आकडा हललासुद्धा नाही.

 शबाना हसली, पण हर्षदा हसली नाही.

"ताई, ते कलम परत वाचा. पार शेवटपर्यंत."

शबानानं वाचलं. समतोलनं दिलेल्या गुणांवर कामगारानं हरकत घेतली, तर त्याचा दावा तिथंच रद्द. कंपनीच्या प्रतिनिधीनं हरकत घेतली, तर लवाद संपला आणि प्रकरण उघड्या न्यायालयात. हे दुसरं वाक्य कागद दोन्ही बाजूंनी सारखा दिसावा म्हणून घातलेलं असावं. कंपनी कशाला हरकत घेईल? तिचे गुण कायम वरच.

"तुमच्या डोक्यात काय चाललंय?" शबानानं विचारलं. हर्षदानं तोंड उघडलं, तशी तिनं हात वर केला. "थांबा. मी वकील आहे. ते मला सांगू नका."

मग हर्षदानं कुणालाच सांगितलं नाही. थंडी पडली होती. कामाच्या पाळीतल्या बायका भरीत-पुरीला तिच्या अंगणात जमल्या. तुरीच्या वाळल्या तुऱ्हाट्यांवर वांगी भाजताना तिनं खेळ काढला: प्रत्येकीनं न हसता थाप मारायची. "माय वं, ही तर पटाईत निघाली!" बायका म्हणाल्या, कारण हर्षदाला कुणी हसवू शकलं नाही. त्या गेल्यावर ती एकटीच राखेसमोर बसली आणि आणखी एक वाक्य हलक्या आवाजात म्हणाली. मग पुन्हा म्हणाली. भांडी घासताना म्हणाली, वाती वळताना म्हणाली. पहिल्यांदा जीभ जड झाली होती, कारण ते वाक्य एका चांगल्या माणसाविषयी होतं. हळूहळू जीभ हलकी झाली.

एका दुपारी प्रमोदनं विचारलं, "कंपनीचा फोन आला होता का?"

"नाही," ती म्हणाली. आला होता. दुसऱ्या कारखान्यात गुपचूप काम देऊ, फेरसुनावणी सोडा, असा निरोप होता. प्रमोदला कळलं असतं तर तो पाया पडला असता, घे म्हणाला असता.

प्रमोद तिच्याकडं बघत राहिला. "पूर्वी तू खोटं बोललीस की नाकाचा शेंडा लाल व्हायचा. त्यावर मी किती चिडवायचो तुला. आता मला काही कळतच नाही बघ. खरं बोलतेयस?"

"हो."

तो उठून गेला. हर्षदाला भडभडून आलं. एवढ्या वर्षांच्या संसारात जी एक खूण त्याला सापडली होती, ती तिनं आपल्या हातानं पुसून टाकली होती. तिनं त्याला परत बोलावलं आणि फोनचं खरं काय ते सांगितलं. तो परत येऊन तिच्यासमोर बसला. मग म्हणाला, "नाक लाल झालं नाही, तरी सांगत जा एवढं." आणि तिच्या हातातली वात घेऊन स्वतः वळायला बसला. त्याला ती वळता येत नव्हती.

फेरसुनावणीला खोली तीच होती. दोन खुर्च्या, समोर भिंतीत कॅमेरा. भिरूड साहेबांच्या कानात बारीक यंत्र होतं. त्यातून कंपनीचे मुंबईचे वरिष्ठ बोलत. कंपनीला खोलीत वकील आणायची गरजच नव्हती, तो असा कानात बसलेला होता.

"श्रीमती नेहेते, आपलं निवेदन सांगा," समतोल म्हणालं.

हर्षदानं भिरूड साहेबांकडं बघायचं टाळलं. "चार नंबरचं दार भिरूड साहेबांनी स्वतः बंद केलं. आत मंदाकिनी तायडे आहे हे त्यांना माहीत होतं. मी समोर उभी होते, मी पाहिलं."

कसली धडधड नाही, काही नाही. राखेसमोर म्हटलेलं वाक्य राखेसारखंच बाहेर आलं.

"विश्वासार्हता शहाण्णव," समतोल म्हणालं.

भिरूड साहेब ताडकन उठले. "काय बोलतेस तू? मी... मी त्या वेळी कारखान्यात नव्हतोच! मी इथं होतो, ह्याच खोलीत, ह्याच्यासमोर!" त्यांनी भिंतीकडं बोट दाखवलं. "विचार की त्याला! दुसऱ्या प्रकरणाची सुनावणी होती. अरे, तूच घेतलीस ना?"

"अन्य प्रकरणांची माहिती गोपनीय आहे. ती विचारात घेता येत नाही," समतोल गोड आवाजात म्हणालं. "आपल्या निवेदनाची विश्वासार्हता एकोणतीस."

एकोणतीस! त्र्याण्णववाल्या माणसाच्या तोंडचं पाणी पळालं. इतकी वर्षं ते नोंदीतलं वाचून दाखवत आले होते. स्वतःबद्दलचं खरं त्यांना ह्या खोलीत कधी सांगावं लागलंच नव्हतं. 

"अंतिम निवाडा नोंदवण्यापूर्वी कोणत्याही पक्षाची हरकत आहे का?"

कानातलं यंत्र किरकिरलं. भिरूड साहेब ऐकत होते, आणि ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरत गेला.

"म्हणजे?" ते मोठ्यानं बोलले. "हरकत घ्यायची नाही? मग मी गुन्हेगार ठरलो तरी चालेल तुम्हाला?... वैयक्तिक चूक म्हणून दाखवाल? साहेब, माझ्याही करारात कलम सतरा आहे. मी जाऊ कुठं?"

पुन्हा किरकिर झाली.  इथपर्यंतचा सराव हर्षदानं केला होता. ह्याच्या पुढचं तिच्या हातात नव्हतं. भिरूड साहेब गप्प राहिले असते, तर एक निरपराध माणूस तिच्या जिभेनं मारला गेला असता.

भिरूड साहेबांनी कानातलं यंत्र काढलं, टेबलावर ठेवलं आणि थरथरत्या आवाजात म्हणाले, "कंपनीच्या वतीनं हरकत. गुण चुकीचे आहेत."

"कृपया खात्री करा. ह्यानं लवाद समाप्त होईल."

"होऊ दे! सांगतोय ना, हरकत आहे!"

"लवाद समाप्त," समतोल म्हणालं. भिंतीतला दिवा विझला.

ते खुर्चीत कोसळल्यासारखे बसले. "हर्षदा, का गं? लेकीसारखं शिकवलं तुला. असं बालंट?"

आता मात्र हर्षदाचे हात कापायला लागले, जणू इतक्या दिवसांचं सगळं कापणं बाकी होतं. "खोटं होतं, साहेब. धडधडीत खोटं होतं. मला लाज वाटतेय, तुम्हाला तोंड दाखवायची लाज वाटतेय. पण तुम्ही आत्ता खरं बोललात ना? एकोणतीस पडले तुम्हाला. मला अडतीस पडले होते."

भिरूड साहेब उठले. दारापर्यंत गेले, परत आले, आणि बाटलीतलं पाणी दोघांच्या मध्ये ठेवून निघून गेले. दुसऱ्या दिवशी कंपनीनं त्यांना काढलं.

कामगार न्यायालयात प्रकरण उभं राहिलं तेव्हा उन्हाळा लागला होता. दारं सताड उघडी होती, पंखा कुरकुरत होता. मागच्या बाकांवर पाळीतल्या बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या, मधोमध मंदाताई. प्रमोद दाराशी उभा होता. हर्षदानं ह्या वेळी सराव केला नव्हता. शबानानं विचारलं होतं, तर ती म्हणाली होती, "नको. जसं येईल तसं येऊ दे."

तसंच आलं. निळ्या ओठांपाशी आवाज फुटला. न्यायाधीशबाई म्हणाल्या, "सावकाश, बाई. पाणी घ्या. आम्ही इथंच आहोत."

कंपनीचे वकील उठले. "लवादापुढं तुम्ही खोटं बोललात?"

"बोलले. त्याची जी शिक्षा असेल ती द्या."

"मग आज खरं बोलताय हे कशावरून मानायचं?"

"माझ्या तोंडावरून मानू नका," हर्षदा म्हणाली. "तेच तर म्हणतेय मी. बायकांना विचारा, पट्ट्या कुठं ठेवायला लावायचे ते विचारा. इथं सगळ्यांना विचारता येतं."

बायकांना विचारलं. एकामागून एक उठल्या, अडखळल्या, बोलल्या. आणि मग शबानानं भिरूड साहेबांचं नाव पुकारलं. ते येतील की नाही हे तिलाही माहीत नव्हतं. ते दाराबाहेरच्या बाकावरून उठून आत आले. हर्षदाकडं त्यांनी पाहिलं नाही. कठड्याला धरलेले त्यांचे हात सगळ्यांना दिसतील इतके कापत होते.

"साक्षीदार, चार नंबरच्या दाराबाहेर चपला होत्या, असं ह्या बाई म्हणतात," शबाना म्हणाली. "त्या चपलांचा अर्थ काय?"

भिरूड साहेबांनी खाली, स्वतःच्या पायांकडं पाहिलं. कंपनीचे वकील घड्याळाकडं बघायला लागले.

"चपला बाहेर असतील, तर माणूस आत असतो," भिरूड साहेब म्हणाले. "पाटीवर काहीही असो. हे मीच शिकवलंय हिला. अपघात झाला त्या संध्याकाळी, सुनावणीहून परतल्यावर, मी चार नंबरवर गेलो होतो. निळ्या पट्ट्याच्या चपला होत्या तिथं, डाव्या अंगाला, नीट काढून ठेवलेल्या. उघड्या दारातून कुणी चुकून आत शिरलं, तर चपला काढून शिरत नाही."

मागच्या बाकावर मंदाताईनं आपल्या पायांकडं बोट दाखवलं. "माझ्या," ती म्हणाली. शब्द बरोबर आला होता. शेजारणीनं तिचा हात घट्ट धरला.

न्यायाधीशबाई टंकलेखकाकडं वळल्या.

"लिहून घ्या," त्या म्हणाल्या. "दार बंद झालं तेव्हा आत बाई होती."